पर्णरंध्रे उघडतात कशी?

प्रश्न : ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना काही रंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) उघडी, तर काही मिटलेली दिसली. असे का?

उत्तर : रंध्राच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. निळा प्रकाश मिळताच त्या हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकून पोटॅशियम आयन आत घेतात आणि त्यांचा धनभार तोलण्यासाठी स्टार्चपासून मॅलिक आम्ल बनवतात किंवा क्लोराइड आत ओढतात. त्यामुळे पेशीरस गाढ होऊन शेजारचे पाणी आत शिरते, पेशी फुगून बाहेरच्या बाजूस वाकतात आणि मधली फट उघडते. कांद्याच्या रक्षक पेशींत मात्र स्टार्च नसतो, तिथे भिस्त मुख्यतः क्लोराइडवर. हा अपवाद मला फार मोलाचा वाटतो. पाण्याचा ताण पडला, की अ‍ॅब्सिसिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाच्या इशाऱ्याने पोटॅशियम बाहेर पडते आणि रंध्र मिटते.