इफामध्ये १६ बियांवरून २५६ ‘अध्याय’ कसे निघतात? त्यांचा गूढ अर्थ पुस्तक वाचून लावता येतो का?

इफा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची कौल घेण्याची, भविष्य पाहण्याची पद्धत. तिच्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: खजुराच्या बियांनी आकृती कशी काढतात, आणि त्या आकृतीचा गूढार्थ घरबसल्या कळेल का. आकृती काढायला एका दुपारीही शिकता येईल. अर्थाचं तसं नाही.

आधी एक दुरुस्ती. त्या बिया खजुराच्या नसून ऑइल पामच्या असतात. त्यांना इकिन म्हणतात. बीवर साधारण तीन डोळे असतात, इफासाठी मात्र चार किंवा जास्त डोळ्यांच्या बिया निवडतात. ही परंपरा नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांची. बेनिन आणि टोगोत ती ‘फा’ नावाने चालते, आणि गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती क्यूबापर्यंत गेली. इफाची देवता ओरुन्मिला, आणि पुरोहिताला बाबालावो म्हणतात. युनेस्कोने २००५ साली तिला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून जाहीर केलं.

आता कृती. बाबालावो समोर ओपोन नावाचा लाकडी पाट ठेवतो. पाटाच्या कडेवर एशू या देवतेचा चेहरा कोरलेला असतो, तो बाबालावोच्या समोरच्या बाजूला येतो. पाटावर इरोसून झाडाची भुकटी पसरायची. सोळाही बिया हातात घेऊन उजव्या मुठीने एका झटक्यात जमतील तितक्या उचलायच्या आणि डाव्या तळहातात किती उरल्या ते पाहायचं. दोन उरल्या तर भुकटीत एक रेघ ओढायची, एक उरली तर दोन. एकही उरली नाही किंवा दोनापेक्षा जास्त उरल्या तर ती खेप बाद, पुन्हा उचलायचं. अशा आठ ग्राह्य खेपा हव्यात. पहिली खूण उजव्या रकान्यात सर्वात वर, दुसरी डाव्यात वर, तिसरी पुन्हा उजव्यात तिच्याखाली, असं खाली उतरत जायचं. शेवटी चार-चार खुणांचे दोन रकाने तयार होतात.

एका रकान्यात चार जागा, प्रत्येकीत एक किंवा दोन रेघा, म्हणजे १६ प्रकार. दोन रकान्यांचे १६ × १६ = २५६. यातली प्रत्येक आकृती म्हणजे एक ओडू, तुमच्या प्रश्नातला ‘अध्याय’. दोन्ही रकाने सारखे आले तर त्याला ‘मेजी’ म्हणतात. असे १६ मेजी ज्येष्ठ मानले जातात, बाकीचे २४० जोडओडू, म्हणजे दोन वेगळ्या रकान्यांचे. चारही जागी एकेक रेघ म्हणजे ओग्बे, चारही जागी दोन-दोन म्हणजे ओयेकू.

नवशिके हमखास दोन ठिकाणी चुकतात. उरलेल्या बियांइतक्याच रेघा ओढल्या तर आकृती उलटते आणि ओग्बेच्या जागी ओयेकू येतो. दुसरी चूक वाचण्याची. आधी उजवा रकाना वाचायचा, मग डावा. आपण डावीकडून वाचायला सरावलेले, त्यामुळे ओग्बे-ओयेकूचा ओयेकू-ओग्बे होतो, आणि तो पूर्ण वेगळा ओडू आहे.

रोजच्या प्रश्नांना इतका खटाटोप करत नाहीत. ओपेले नावाच्या साखळीत आठ अर्ध्या शेंगा ओवलेल्या असतात. ती मधोमध धरून टाकली की एका फेकीत पूर्ण ओडू मिळतो. शेंगेची खोलगट बाजू वर आली तर एक रेघ, फुगीर बाजू वर आली तर दोन. उजवं-डावं ओळखू यावं म्हणून दोन टोकांना वेगवेगळ्या खुणा बांधतात.

इथपर्यंतचं काम यांत्रिक आहे. इफाचं खरं शास्त्र एसेंमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक ओडूखाली पाठ असलेल्या कवनांमध्ये. त्यांची संख्या ठरलेली नाही. साधारणपणे एसे असा चालतो: पूर्वीच्या अमुक बाबालावोंनी अमक्यासाठी इफा पाहिला, त्याची अडचण ही होती, त्याला अमुक एबो म्हणजे अर्पण करायला सांगितलं, त्याने ते केलं किंवा टाळलं, आणि पुढे असं झालं. पूर्वी निकाल लागलेल्या खटल्यासारखं हे आहे. तो ‘अमका’ माणूसच असेल असं नाही, प्राणी, झाड किंवा देवताही असू शकते.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि नेमका तोच ‘गूढ आफ्रिका’वाल्या लेखांतून गळतो. प्रश्न विचारणारा आपली अडचण बाबालावोला सांगतच नाही. तो ती नाण्याशी कुजबुजतो आणि नाणं खाली ठेवतो. बाबालावो त्या ओडूचे एसे एकेक म्हणत जातो आणि आपल्याला लागू पडणारा एसे विचारणारा स्वतः ओळखतो. अर्थ लावण्याचं अर्धं काम श्रोत्याकडे असतं. मग पुढचे बारकावे इबोने ठरवतात: विचारणारा एका मुठीत कवडी आणि दुसरीत हाड लपवतो, ओपेले दोनदा टाकून निघालेल्या ओडूंच्या ज्येष्ठतेवरून कोणती मूठ उघडायची ते ठरतं. कवडी म्हणजे हो, हाड म्हणजे नाही. शुभ असेल तर कोणतं, दीर्घायुष्य, पैसा, जोडीदार, संतती की विजय, हे असंच एकेक विचारत नक्की करतात. शेवटी एबो. तो न करता उठणं म्हणजे औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात न जाणं.

म्हणून ‘ओग्बे म्हणजे प्रकाश, ओयेकू म्हणजे अंधार’ अशा तक्त्यांवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. एकाच ओडूखाली लग्नाचा, आजाराचा आणि भांडणाचाही एसे असतो. त्यांना एका शब्दात बसवलं की निवडीला जागाच उरत नाही. आठ खुणा, प्रत्येकीला दोनच पर्याय, म्हणून इफात संगणकाचे ०-१ शोधणाऱ्यांचंही तेच. दोन पर्याय आठदा घेतले की २५६ येणारच, त्यातून एसे कळत नाहीत.

आपल्याकडच्या रमलशी, म्हणजे ठिपक्यांच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याच्या पद्धतीशी, तुलना मात्र खरोखर उपयोगी आहे. रमलातही एक किंवा दोन खुणांच्या चार ओळी आणि १६ आकृत्या असतात. दोन्हींचा ऐतिहासिक संबंध कितपत, यावर अभ्यासकांत वाद आहे. फरक असा की रमलात आकृती घरांत मांडून तिथून फळ काढतात, इफात आकृती फक्त कोणती कवनं म्हणायची ते सांगते.

वाचूनच सुरुवात करायची असेल तर योरुबा मूळ आणि शेजारी भाषांतर असलेला संग्रह घ्या, असे संग्रह छापील मिळतात. एकच ओडू निवडा आणि त्याचे चार-पाच एसे सलग वाचा. प्रत्येकात कोणासाठी इफा पाहिला, काय अर्पण सांगितलं आणि ते पाळलं का, एवढंच टिपून ठेवा. आकृतीचा अर्थ शोधायचा मोह तोवर आवरा.