बाबांना किती बदाम देऊ?

आई किंवा वडील विसरायला लागले की मुलं-सुना आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रोज किती बदाम द्यायचे?" कधी बदामाच्या जागी अक्रोड, कधी ब्राह्मी, कधी टीव्हीवर पाहिलेली पावडर. मी आकडा सांगत नाही. उलट विचारते, "काल रात्री ते काय जेवले?" बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

एका घरची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काका पंचाहत्तरीचे, काकू गेल्यापासून मिरजेला एकटे. डबा लावलेला. फोनवर तेच तेच बोलतात, नावं चुकतात म्हणून मुलगी त्यांना पुण्याला घेऊन आली होती.

"काका, काल काय जेवलात?"

"जेवलो की. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

ते मुलीकडे बघून खिडकीबाहेर पाहू लागले. मुलगी म्हणाली, "बघा, कालचंसुद्धा आठवत नाही!"

मी माणसाला एकटं सुटं करून बघत नाही. एखादी गोष्ट घरात कोणासमोर घडते, ते आधी पाहते. इतक्या वर्षांत एवढी नजर तयार झाली आहे, की काकांनी आधी मुलीकडे पाहिलं हे सुटलं नाही. तिला म्हटलं, जरा चहा घेऊन या.

ती गेल्यावर काका हळूच म्हणाले, "विसरलो नाही हो. तिच्यासमोर सांगायचं नव्हतं."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. सकाळी मुलीनं हातावर ठेवलेले बदाम त्यात जसेच्या तसे होते. खालची कवळी ढिली झाली होती. डब्यातली पोळी चावत नव्हती, ती गल्लीतल्या गाईला जायची. रात्री चहात बुडवून बिस्किटं, की झालं जेवण. "नवीन कवळी म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा तिची रजा. आधीच माझ्यापायी दमलीय पोरगी."

आम्ही ज्याला विसरणं म्हणत होतो, त्यातलं निदान काही तरी लपवणं होतं. मला स्वतःला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: म्हातारपणी अन्नाचा प्रश्न पुष्कळदा लाजेचा प्रश्न असतो. दात, गिळणं, बद्धकोष्ठ, रात्री लघवीला उठावं लागेल म्हणून पाणीच न पिणं. हे कुणी आपण होऊन सांगत नाही आणि कुणी विचारत नाही.

पुढच्या भेटीत काकांनीच हे मुलीला सांगितलं. ती रडली, थोडी चिडलीही. चिडली ते बरं झालं. त्यानंतर दोघं मोकळं बोलू लागले.

विसरणं सगळंच लपवणं नव्हतं, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. काका शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, शिवाय रोजची ॲसिडिटीची गोळी. वयाबरोबर हे जीवनसत्त्व शोषून घ्यायची पोटाची ताकद कमी होते, आणि या दोन्ही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की आणखी घटते. बी-ट्वेल्व्ह वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. ते फार कमी झालं तर स्मृती मंदावते, पाय बधिर होतात, तोल जातो. वेळेत लक्षात आलं तर बरंचसं भरून येतं. तेव्हा बदाम मोजण्याआधी ही एक रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइडचीही.

ताटाबद्दल मी एवढंच म्हणते: जे चावता येतं तेच पोटात जातं. मऊ मुगाची खिचडी, पिठलं, मुगाचं धिरडं, दह्यात कालवलेला भात, मऊ शिजवलेली पालेभाजी. बदाम भिजवून वाटा, जवस भाजून कुटा, कारण अख्खा जवस तसाच बाहेर पडतो. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली सोडू नये. तहानेची जाणीव म्हातारपणी मंदावते, म्हणून पाणी, ताक दिवसा ठरावीक वेळी हातात द्या. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवलं तर साखर उतरते आणि माणूस गोंधळतो. घरचे त्यालाच विसरभोळेपणा समजतात. गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक वाढला असेल तर माझ्याकडे येऊ नका, तडक दवाखाना गाठा.

जादूचा पदार्थ मात्र मागू नका. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या 1,260 लोकांवर दोन वर्षं झालेला अभ्यास 2015 साली आला. त्यात आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र दिल्यावर फायदा दिसला. सुट्या अक्रोडाच्या नावावर तो जमा करता येत नाही.

काकांची कवळी बदलली, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. मिरजेच्या डबेवाल्या ताईंना सांगून पोळीऐवजी मऊ भात-वरण सुरू केलं. दुपारी शेजारचे एक निवृत्त मास्तर आपलं ताट घेऊन येतात, दोघं एकत्र जेवतात. तेच तेच बोलणं बरंच कमी झालंय, नावं अजून अडतात. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टची भेट ठरली आहे आणि या वेळी प्रश्नांची यादी काका स्वतः लिहून नेणार आहेत.