एकटा रायडर लडाखच्या वाटेवर बेपत्ता झाला, तर शोध कुठून सुरू करायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ पुढच्या महिन्यात नाशिकहून एकटा मनाली-लेह करणार, जमलं तर दारचाहून शिंकूला खिंडीतून झंस्करमधल्या पदुमकडे वळणार. मध्येच संपर्क तुटला तर त्याला शोधायचं कसं आणि आपण लगेच निघायचं का, असं तुम्ही विचारलंय. तो घरी असतानाच विचारलंत हे फार बरं केलंत. असे फोन बहुतेक वेळा माणूस बेपत्ता झाल्यावर येतात. तेव्हा घरच्यांना गाडीचा नंबरही पटकन सांगता येत नाही आणि सगळे एकमेकांवर चिडलेले असतात.

सह्याद्रीतला हिशेब तिकडे लावू नका. इथे कुणी गडावर अडकला तर लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे; वाटा पायाखालच्या असलेली माणसं काही तासांत पोचतात. मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमधल्या केलाँगच्या पुढे वस्ती विरळ, उंची चार हजार मीटरच्या वर आणि रेंज मधूनमधून. केलाँगच्या अलीकडच्या तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी बायकर मंडळींना पाठ असते, त्यावरूनच अंदाज घ्या.

पहिला प्रश्न भावालाच विचारा: सिम प्रीपेड आहे की पोस्टपेड? बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. सरचूच्या आसपास हिमाचल संपलं की तो फोन मुका. माणूस लेहला मजेत जेवत असतो आणि इकडे घरी देव पाण्यात घातलेले असतात. त्याला पोस्टपेड घ्यायला लावा, शक्यतो दोन कंपन्यांची दोन सिम.

आता समजा खरंच पत्ता नाही. डोकं शांत ठेवून एक कागद घ्या आणि दोनच गोष्टी लिहा. तो नक्की दिसला असं शेवटचं ठिकाण कोणतं, वेळेसकट. आणि तो नक्की पोचलाच नाही असं पहिलं ठिकाण कोणतं. बाइकवाला सहसा रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेलाच असतो, त्यामुळे शोध या दोन ठिकाणांमधल्या पट्ट्याचा. सुरुवातीला तो पट्टा जिस्पा ते लेह असा अजस्र असतो. फोनवर बसून तो तीस-चाळीस किलोमीटरवर आणता आला, तर तिथे गेलेल्या माणसाच्या हातून काही होऊ शकतं. पट्टाच माहीत नसेल तर दहा गाड्या पाठवूनही उपयोग नाही.

पट्टा आवळायचा कसा? कारचा माग फास्टॅगवरून लागतो, दुचाकीला तो नसतो. पण यूपीआय असतं. बँकेच्या ॲपवर किंवा मेसेजमध्ये शेवटचं पेमेंट बघा. कुठल्या ढाब्याला, किती वाजता. हरवलेला फोन शोधायच्या गूगलच्या फाइंड हब ॲपमध्ये फोन शेवटचा ऑनलाइन होता ती जागा बऱ्याचदा दिसते, म्हणून ईमेलचा पासवर्ड घरी एकाकडे असू द्या. (गूगल मॅप्सच्या टाइमलाइनवर विसंबू नका, ती आता फोनमध्येच साठते.) व्हॉट्सॲपवर कोणत्या मेसेजला दोन टिका आहेत आणि कुठून पुढे एकच, तेही वेळेसकट लिहून काढा. मग आदल्या मुक्कामाच्या होमस्टेला फोन: किती वाजता निघाला, टाकी भरली होती का, डोकं दुखतंय म्हणाला का. दारचाला पोलीस चौकीत गाड्यांची नोंद होते. तुमच्या भावाच्या बाबतीत ती नोंद सोन्यासारखी, कारण तिथेच लेहचा आणि शिंकूलाचा रस्ता वेगळा होतो. चुकीचा फाटा धरून शोध घेतला तर अख्खा दिवस वाया जातो आणि त्या उंचीवर रात्र उघड्यावर काढणं म्हणजे जिवाशी गाठ.

एका शोधात आम्ही सगळे सरचूकडे लक्ष लावून बसलो होतो, कारण मुलगा आईला 'आज सरचू' असं म्हणाला होता. त्याच्या बहिणीने बँकेचे मेसेज काढले, तर जिस्पाच्या ढाब्यावर दुपारी सव्वातीनला चहा-मॅगीचे पैसे दिलेले. एवढ्या उशिरा निघालेला मुलगा अंधाराच्या आत सरचूच्या अलीकडची बारालाचा खिंड ओलांडणार नाही, म्हणजे तो अलीकडेच असणार. सरकारी बसच्या ड्रायव्हरला विचारलं, तर झिंगझिंगबारला रस्त्याच्या कडेला लाल बॅगांची बाइक उभी पाहिली म्हणाला. मुलगा बीआरओच्या (सीमा रस्ते संघटनेच्या) मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास झालेला, उलट्या चालू, फोन बंद. मजुरांनी त्याला आपल्या रजया दिल्या होत्या. तिथून कुणी डोंगरात शोधायला जायची वेळच आली नाही.

पोलिसांचं. नाशिकला तुमच्या ठाण्यात मिसिंगची (बेपत्ता असल्याची) तक्रार दाखल करा आणि ती लगेच करा. '२४ तास थांबा' असा कुठलाही कायदा नाही. टॉवर लोकेशन फक्त पोलिसांनाच मिळतं आणि त्यासाठी ही नोंद लागते. त्याच वेळी लाहौल-स्पिती पोलिसांच्या केलाँगच्या नियंत्रण कक्षाला थेट फोन करा. नाशिकहून ११२ लावलंत तर महाराष्ट्राच्या कक्षात लागेल. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ सुद्धा तिथला एसटीडी कोड लावूनच फिरवायचा. शिंकूला किंवा सरचू ओलांडलं असेल तर लडाख प्रशासनालाही कळवा, कारण हद्द बदलली की यंत्रणा बदलते. हेलिकॉप्टर आपल्याला मागवता येत नाही, ते प्रशासनच हवाई दलाकडे मागतं. दुपारनंतर तिकडे वारा सुटतो, त्यामुळे उड्डाणं शक्यतो सकाळी. म्हणजे माहिती आदल्या रात्रीच त्यांच्या हातात पडायला हवी.

व्हॉट्सॲपवर पोस्टर एकच फिरवा. त्यावर तारीख, गाडीचा नंबर, हेल्मेटचा रंग आणि एकच फोन नंबर. एक खूण मात्र मुद्दाम लिहू नका, उदाहरणार्थ डाव्या बाजूला बांधलेला निळा पेट्रोल कॅन. 'मी पाहिलं' असे खूप फोन येतात, लोक चांगल्या मनानेच करतात. त्यांना विचारा, 'डाव्या बाजूला काय होतं?' ज्याला सांगता येईल त्याची साक्ष आधी धरा.

आता प्रत्यक्ष रस्त्यावरचा शोध, कारण इथेच लोक सर्वात जास्त चुकतात. बाइकवरून चाळीसच्या वेगाने जाऊन दरीत बघता येत नाही. संशयाचा पट्टा चालत किंवा चालण्याच्या वेगाने बघायचा, प्रत्येक वळणाची बाहेरची बाजू थांबून. खडीत कडेकडे गेलेला टायरचा ओरखडा, कठड्याच्या दगडावरचा ताजा पांढरा खरवड, इंडिकेटरची नारिंगी काच, आरशाचा तुकडा, पेट्रोलचा वास. काळं जॅकेट घातलेला माणूस घसाऱ्यात पन्नास फुटांवरही दिसत नाही. दिसतं ते बॅगेचं पिवळं रेनकव्हर. एकाच पट्ट्यात चढताना जे दडतं ते उतरताना दिसतं, म्हणून दोन्ही दिशांनी जायचं. गाटा लूप्ससारख्या २१ वळणांच्या घाटात खालच्या वळणावर थांबून दुर्बिणीने वरचा उतार चाळायचा. थोड्या थोड्या अंतरावर इंजिन बंद करून शिट्टी वाजवायची आणि पूर्ण मिनिटभर गप्प राहून ऐकायचं. हे गप्प राहणं कुणाला जमत नाही, पण हाक ऐकू येते ती तेव्हाच.

ट्रकवाल्यांना विचारा. ते उंचावर बसतात, कडेच्या पलीकडचं त्यांना दिसतं आणि त्याच रस्त्यावर रोज असतात. नाल्यांचंही ध्यानात ठेवा. वरचा बर्फ दिवसभर वितळून दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला संध्याकाळी बाइक ओढून नेतो. तो दुपारी उशिरा नाल्याच्या अलीकडे दिसला आणि पलीकडे कुणालाच दिसला नाही, तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला दोन्ही काठ आधी बघायचे.

तुम्ही निघायचं का? घरातल्या एकाने जरूर निघावं, पण केलाँगपर्यंत. ओळख पटवायला, दवाखान्यात सही करायला, पोलिसांसमोर बसायला घरचं माणूस लागतं. विमानाने लेहला उतरून त्याच दिवशी तांगलांगलाकडे धाव घेऊ नका. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, ती खिंड पाच हजारांच्या वर. शोधणाराच आजारी पडला की यंत्रणेला दोन जीव सांभाळावे लागतात. आणि घरातलं सर्वात धीराचं माणूस फोनजवळ ठेवा. तुमच्या लिहिण्यावरून ते माणूस तुम्हीच आहात असं वाटतं.

परदेशात लोक उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिन इनरीच सोबत ठेवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन महिलेला त्याच कारणाने अडवलं होतं. त्यामुळे भावाला ऑनलाइन मागवून देऊ नका. मला स्वतःला हा नियम गिर्यारोहक आणि रायडरांसाठी सैल व्हावा असं मनापासून वाटतं, पण आज तो आहे.

त्याऐवजी त्याच्याकडून हे करून घ्या. सामान बांधलेल्या गाडीचा दोन्ही बाजूंनी फोटो, अंगावरच्या कपड्यांत स्वतःचा फोटो आणि बुटाच्या तळव्याचा फोटो. रोज सकाळी निघताना मुक्काम कुठे ते कळवायचं आणि रस्ता बदलला तर तो बदलण्याआधी कळवायचं. रेंज नसेल तर उलट दिशेने जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची. 'दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन आला नाही तर ताई पोलिसांत जाणार' असा करार आत्ताच करून टाका, म्हणजे ऐन वेळी 'उगाच बभ्रा नको' म्हणून कुणी थांबणार नाही. गाडी बंद पडली तर गाडी आणि रस्ता सोडायचा नाही, शॉर्टकटने खाली उतरायचं नाही. शिट्टी गळ्यात हवी, बॅगेत नको. मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या तर कुणीतरी ऐकलंय असं समजायचं.

तारखा ठरल्या की मुक्कामांची यादी इथे टाका. जिस्पा आणि पांगच्या ढाबेवाल्यांचे या मोसमात चालू असलेले नंबर मी तुम्हाला मिळवून देतो.