'लिबरल आर्ट्स'ला मराठीत काय म्हणावं?

देवगडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "पुतणी बारावी झाली. पुण्यातल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जायचं म्हणते. मी घरी सांगितलं, कलाशाखेचं कॉलेज आहे. तर आई म्हणाली, 'चित्रां काढूक इतके पैशे कित्याक?' एका बातमीत 'उदारमतवादी कला' असं वाचलं, तेही पटलं नाही. नेमका शब्द कोणता? आणि हे शिक्षण कशासाठी असतं, ते घरी कसं सांगू?"

आईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. आजच्या मराठीत कला म्हटलं की चित्र, नाच, गाणं, नाटक हेच डोळ्यांसमोर येतं. मी रत्नागिरीत बी.ए.ला नाव घातलं तेव्हा शेजारच्या काकूंनी मला गणपतीची मखर रंगवायला बोलावलं होतं. त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला, एवढंच.

घोटाळा भाषांतरात आहे. लॅटिनमधल्या 'आर्स' या शब्दाचा अर्थ बराच रुंद होता: शिकून, घोटून अंगी बाणलेलं कोणतंही ज्ञान किंवा कसब. व्याकरण हीसुद्धा 'आर्स' आणि भूमितीसुद्धा. पुढे इंग्रजीत 'आर्ट' हा शब्द आकसत चित्र-शिल्पांपाशी आला, पण पदवीच्या नावात जुना रुंद अर्थ तसाच राहिला. आपण पदवी घेतली आणि शब्द मात्र आकसलेल्या अर्थाने उतरवला.

मध्ययुगीन युरोपात या 'आर्ट्स' सात होत्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तिघींच्या गटाला 'ट्रिव्हियम' म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चौघींच्या गटाला 'क्वाड्रिव्हियम'. आता ट्रिव्हियम शब्द फोडून बघा: 'त्रि' म्हणजे तीन, 'व्हिया' म्हणजे वाट. तीन वाटा मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा! हातखंब्याचा असतो तसा तिठा. आणि क्वाड्रिव्हियम म्हणजे चार वाटांचा चव्हाटा. ही जोडी मला पहिल्यांदा सापडली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला थांबवून थांबवून ती सांगितली होती.

त्या सातांत गणित आहे, आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास आहे. म्हणून लिबरल आर्ट्स म्हणजे 'सायन्स सोडून बाकीचं' हा समजही खोटा. चांगल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र आणि इतिहास एकाच विद्यार्थिनीच्या वेळापत्रकात असू शकतात, आणि नुसतं असण्यापेक्षा एका विषयातला प्रश्न दुसऱ्याच्या तासाला विचारता यावा ही तिथली खरी अपेक्षा असते.

आता आपल्याकडे पाहू. 'चौदा विद्या चौसष्ट कला' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्यात एक वाटणी आहे. कलांच्या जुन्या यादीत गायन-वादन आहे तसं सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, कोडी घालणं हेही आहे. व्याकरण, न्याय म्हणजे तर्क, आणि ज्योतिष (ज्यात गणित आणि ग्रहगती आली) ही मात्र चौदा विद्यांत बसतात. म्हणजे युरोपच्या त्या सातांपैकी बऱ्याचजणी आपल्या घरी 'विद्या' या नावाने नांदत होत्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिबरल आर्ट्सचं नातं बाणभट्टाच्या 'कादंबरी'तल्या चौसष्ट कलांशी जोडलं आहे. (एका ग्रंथाचं नाव मराठीत अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव झालं, तोच हा ग्रंथ.) धोरणाचा रोख मला मान्य आहे, पण शब्दापुरतं विचाराल तर माझं मत विद्येच्या बाजूने पडतं.

राहिलं 'लिबरल'. यात 'लिबेर' आहे, म्हणजे स्वतंत्र, कुणाच्या मालकीचा नसलेला माणूस. त्याला शोभणाऱ्या त्या लिबरल आर्ट्स. 'उदारमतवादी' हा राजकारणातला शब्द, तो इथे पूर्णपणे चुकीचा. नुसतं 'उदार' म्हणावं तर दानधर्माचा वास येतो. 'मानव्यविद्या' चांगला शब्द आहे, पण त्यात गणित आणि विज्ञान मावत नाहीत. नव्या अभ्यासक्रमांत 'बहुविद्याशाखीय' दिसतो. तो चूक नाही, पण विषय किती ते सांगतो, कशासाठी ते सांगत नाही. आणि घरी आईंपुढे तो उच्चारून बघा.

मी 'मुक्तविद्या' वापरतो. जोडूनच लिहावा, तोडून 'मुक्त विद्या' लिहिलं की नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची आठवण होते, आणि तिथला 'मुक्त' प्रवेश सर्वांना खुला या अर्थाचा आहे. 'सा विद्या या विमुक्तये' हे शाळांच्या भिंतींवर आपण वाचलेलंच असतं. तिथली मुक्ती मोक्षाची आहे, ती इथे ओढून आणू नये. पण विद्या आणि मुक्त हे शब्द शेजारी बसले तर मराठी कानाला परके वाटत नाहीत, इतका आधार त्यातून मिळतो.

या शब्दाबद्दल एक गोष्ट मला टोचते, ती सांगितलीच पाहिजे. रोममध्ये 'स्वतंत्र माणसाची विद्या' म्हणजे गुलामाला जी नाही ती विद्या. आपल्याकडच्या चौदा विद्यांची दारंही जन्म पाहूनच उघडत. दोन्हीकडे आधी मोकळं असावं लागे, मग विद्या मिळे. हा क्रम उलटा झाला तेव्हा काय घडलं, ते आपल्याच किनाऱ्यावर दिसतं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव. 1912 साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पुढे कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र शिकले. आणि 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कोकणातली खोती, म्हणजे गावच्या शेतसाऱ्याची वसुली खोतांच्या हाती देणारी वंशपरंपरागत पद्धत, रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं. जमीन, कायदा, इतिहास आणि माणूस हे सगळं एका नजरेत घेतल्याशिवाय खोती कळत नाही. माझ्यापुरता 'मुक्तविद्या'मधल्या 'मुक्त'चा अर्थ तिथून येतो.

तुमच्या आईंना याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर पोंभुर्ले तुमच्याच तालुक्यात आहे. तिथले बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवत, त्यांनी 1832 मध्ये 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं आणि 1845 मध्ये ज्ञानेश्वरी छापून आणली. गणिती, संपादक की संशोधक, यांतलं एकच निवडा असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर?

आणि हे थोरामोठ्यांपुरतंच नाही. चार वर्षांपूर्वी आमची हापूसची कलमं कराराने द्यायची होती. कागद तयार होता, काका सहीला बसले होते. माझी भाची तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करत होती. तिने कागद मागून घेतला आणि एका ओळीवर थांबली: "मुदत पाच वर्षे किंवा झाडे उत्पन्न देत असेपर्यंत." तिने विचारलं, "काका, हे 'किंवा' कुणी ठरवायचं? आधी जे संपेल ते की नंतर जे संपेल ते?" ओटीवर सगळे गप्प. कलम तर काकांच्या नातवंडांपर्यंत आंबे देणार. तिने ती ओळ समोरच्याला वाचून दाखवली, तीही अशा सुरात, की त्याला अपमान वाटू नये. त्याने स्वतःच पेन मागितलं आणि 'किंवा'पासून पुढचं खोडलं. व्याकरण, तर्क, वक्तृत्व: अख्खा तिठा आमच्या ओटीवर पाच मिनिटांत भेटला. त्या पदवीने नोकरी लागेल का, हे तोवर मीही तिला विचारत असे.

नोकरीचा प्रश्न खोटा नाही. खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांची फी लाखांच्या घरात असते, आणि बागायतदाराच्या घरी मोहोर गळाला की वर्षाचं गणित कोलमडतं. म्हणून पुतणीला एवढंच विचारा, की तिथे कोणते विषय एकत्र घेता येतील आणि लिहून-वाचून-वाद घालून शिकवणारे शिक्षक किती आहेत. रत्नागिरीतल्या साध्या अनुदानित कॉलेजातही नव्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेता येतो. मुक्तविद्या हे इमारतीचं नाव नाही, तेव्हा ती तिथेही शिकता येईल.

बोलताना 'लिबरल आर्ट्स' म्हणायला काहीच हरकत नाही. पुतणी, तिच्या मैत्रिणी, प्रवेशाचा अर्ज, सगळीकडे तोच शब्द चालणार आहे. लिहिताना 'मुक्तविद्या' लिहा. आणि आईंना सांगताना दोन्ही बाजूला ठेवून म्हणा, "चित्रां नाय गे आये, बाळशास्त्री शिकवीत तसला शिकतली."