तासाभराने एसी गरम होतो: कॉम्प्रेसर इतक्यात बदलू नका

ताई, 2007ची वॅगन आर, दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरलेला, आणि आता बाबांना जतहून मिरजेला दवाखान्यात नेताना तासाभराने गरम वारा यायला लागतो. अर्धा तास गाडी उभी केली की पुन्हा गार. वर मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर गेला, नवा घाला. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता घालू नका. आतून गेलेला कॉम्प्रेसर अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरा होत नाही. मला इथे दोन वेगळे बिघाड दिसतात. एक कुठेतरी बारीक गळती, आणि दुसरा हा तासाभराचा. आधी दुसरा बघू, कारण तो तुम्ही स्वतः ओळखू शकता.

पुढच्या वेळी वारा गरम झाला की एसी बंद करू नका. आधी जाळीसमोर हात धरा. वाऱ्याचा जोरच कमी झाला असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला वेळेवर बंद करत नाही, किंवा गॅस कमी आहे. बर्फ वितळला की वारा परत येतो, म्हणून विश्रांतीने बरं वाटतं.

वारा जोरात पण गरम येत असेल, तर गाडी सावलीत घ्या, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि ओढणी, हात पट्ट्यापासून लांब ठेवून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. पुली कायम फिरतच असते. तिच्यापुढची चकती फक्त क्लच (पायाखालचा नव्हे, कॉम्प्रेसरचा, चुंबकाने चकती पुलीला चिकटवणारा) लागल्यावर फिरते. चकती स्थिर असेल, तर त्याच क्षणी, सगळं गरम असतानाच, क्लचच्या वायरला 12 व्होल्ट येतात का ते मेकॅनिककडून तपासून घ्या. करंट येतोय आणि तरी चकती ओढली जात नसेल, तर क्लचचा गॅप वाढलाय. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो वाढतो. तापलेल्या तारेच्या वेटोळ्यातून करंट कमी वाहतो, चुंबक दुबळं पडतं, वाढलेलं अंतर त्याला ओढता येत नाही. थंड झालं की ओढतं. चकतीमागची एक पातळ वॉशर काढून गॅप पुन्हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणायचा, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. आणि करंटच येत नसेल, तर रिले, प्रेशर स्विच, वायरिंग बघायचं. कंडेन्सरचा, म्हणजे रेडिएटरपुढच्या गॅस थंड करणाऱ्या भागाचा, पंखा फिरतोय ना, हेही तेव्हाच बघा. तो बंद असेल तर प्रेशर चढून स्विच कॉम्प्रेसरचा करंट तोडतो. यातल्या कशातही कॉम्प्रेसरचा दोष नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं होऊ देऊ नका.

आता गळती. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. जुन्या रबरी होजमधून वर्षाला थोडासा झिरपतो हे खरं, पण दोन उन्हाळ्यांत तीनदा भरावा लागला म्हणजे तो कुठून तरी जातोय. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, आणि त्या तेलावर धूळ बसते. म्हणून टॉर्च घेऊन काळा, चिकट डाग शोधायचा: क्लचच्या मागे शाफ्ट सीलपाशी, पाइपांच्या जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कडेला. गॅस भरायच्या तोंडावरची टोपी काढून आतल्या पिनेवर साबणाचा फेस लावून बघा. टायरच्या व्हॉल्व्हसारखीच ती पिन असते, आणि अगदी किरकोळ किमतीचा हा भाग वर्षभराचा गॅस घालवू शकतो.

बाहेर काहीच सापडलं नाही, तर संशय डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर. माझ्या 2001च्या झेनचं हेच झालं होतं. एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी कॉम्प्रेसर बदलला आणि पुढच्या एप्रिलमध्ये गॅस परत गायब. कॉइल बाहेर काढली तेव्हा खालचा कोपरा तेलाने माखलेला होता. गळलेली पानं आणि ओल तिथे साठून ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. तो खर्च अजून मनाला लागतो, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय. कॉइल न उघडता खात्री करायची तर गॅस यंत्राने काढून घेऊन नायट्रोजन दीडशे पीएसआयला भरून रात्रभर ठेवायचा. संध्याकाळी 30 अंश आणि पहाटे 20 असेल, तर नुसत्या थंडीने काटा पाचेक पीएसआय उतरतो. त्याहून जास्त उतरला तर गळती आहे. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कुणालाही भरू देऊ नका. तेलाशी त्याचा स्फोट होतो. आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. तुमच्या एसीतला हा गॅस, आर-134ए, हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट आहे.

बंद गाडीला गेज लावून "बघा, गॅस फुल आहे" असं कुणी म्हणालं तर मानू नका. 30 अंशांना आर-134ए जवळपास 97 पीएसआय दाखवतो, मग आत द्रवरूप गॅस भरपूर असो की थोडाच. घरच्या सिलिंडरचं तसंच आहे. तळाला गेला तरी शेगडीची आच तशीच राहते, म्हणून आपण सिलिंडर उचलून बघतो. गाडीचाही गॅस वजनानेच भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. जास्त भरल्याने जास्त गार होत नाही. उलट प्रेशर चढतं आणि गारवा जातो.

गळती काढल्यावर ओ-रिंग आणि ड्रायर नवे घाला. उघड्या नळ्यांत शिरलेला दमटपणा ड्रायर शोषतो, आणि जुना ड्रायर आधीच भरलेला असतो. मग किमान पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची. काटा 30 का दाखवत नाही म्हणून घाबरू नका. मिरज साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून (पाऱ्याच्या) 28 इंचांच्या पुढे काटा जाऊच शकत नाही. पंप बंद केल्यावर अर्धा तास तो हलला नाही, हे महत्त्वाचं. मेकॅनिकला दहा मिनिटांत उरकायची घाई असेल, तर दुसरा दिवस मागून घ्या.

तेलाचं आवर्जून विचारा. गळतीबरोबर गेलेलं तेल तीनही वेळा कुणी परत घातलं का? नसेल, तर चांगला कॉम्प्रेसरही कोरडा चालून खरोखरच जाईल. तेलाचा प्रकार स्टिकरप्रमाणेच हवा, आणि डबा सीलबंद हवा, कारण हे तेल हवेतलं पाणी झटकन ओढतं. गळती बुजवणारी बाटली मात्र आत अजिबात घालू देऊ नका. कॉइलमध्ये गॅस बारीक छिद्रातून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तिने तुंबला तर काम दुप्पट वाढतं.

वजनाने भरलेल्या गॅसवर, क्लच लागलेला असताना गेजवर लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचं प्रेशर) चढलेली आणि हाय साइड (त्यातून बाहेर पडणाऱ्याचं) उठत नसेल, किंवा काढलेल्या तेलात धातूची चमक दिसली, तरच कॉम्प्रेसरवर या. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर ती पुलीच्या बेअरिंगची. ते वेगळं बदलता येतं.

डावीकडच्या मॅटखाली पाणी येतं असंही तुम्ही लिहिलंय. कॉइलचा ड्रेन पाइप तुंबलाय. गाडीखालून मऊ नळी घालून तो मोकळा करा. हे आजच करा, कारण तेच साठलेलं पाणी कॉइल खातं.

बाबांना न्यायचं असेल तोवर पहाटे निघा, आणि तासाभराने एसी पंधरा मिनिटं बंद ठेवा. वारा कमी झाला की नुसता गरम झाला, चकती फिरत होती का, करंट येत होता का, आणि गेजचे दोन्ही आकडे, एवढं कळवा. मग पुढचं सांगतो.