ऑनलाइन मैफल घेतोयस? आधी तानपुरा ऐकू जातोय का बघ

भावा, पहिलीच ऑनलाइन मैफल हाय म्हणून घाबरू नकोस, पण झूमच्या फुकट खात्यावर घेऊ नकोस. तिथं 40 मिनिटांत मीटिंग बंद पडते. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगात आला की पडदा!

खरी गोम आवाजात हाय. झूम मुळात बोलण्यासाठी बनवलंय. तानपुऱ्याचा सलग नाद त्याला पंख्याची घरघर वाटतो आणि ते तो कापून टाकतं. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गायकाच्या कोल्हापुरातनं गाणं जायचं आणि तानपुराच गायब, शोभतंय का? ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू कर. तुझ्या नव्हे, गायकाच्या लॅपटॉपवर. मी पहिल्यांदा माझ्याच लॅपटॉपवर केलं आणि तासभर डोकं खाजवत बसलो.

तबलजी गायकाशेजारीच बसव. एक राजारामपुरीत, दुसरा शाहूपुरीत असं केलंस तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधीच जुळायची नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ तेवढा घात करतोच.

प्रेक्षकांना आल्याआल्या म्यूट कर, नाहीतर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ताल धरतात. एक को-होस्ट, म्हणजे तुझ्या जागी मीटिंग सांभाळणारा, दुसऱ्या घरातला, दुसऱ्या नेटवरचा ठेव. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.