शब्दाची शेपटी आधी पाहा

प्रश्न : 'रिस्पॉन्सिबिलिटी'सारखा लांबलचक इंग्रजी शब्द वाचताना जीभ अडखळते. तो कुठे तोडायचा आणि जोर कशावर द्यायचा, हे शब्दकोश न उघडता कळते का?

उत्तर : बऱ्याचदा कळते. स्पेलिंगमधली अक्षरे मोजू नका, ऐकू येणारे स्वर मोजा. जितके स्वर तितके सिलॅबल (उच्चारातले तुकडे). रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी, म्हणजे सहा. मग थेट शेवटाकडे जा, कारण जोर कुठे पडणार हे बहुधा प्रत्यय ठरवतो. शेवटी 'इटी' असेल तर जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर, इथे 'बि'वर. 'शन' किंवा 'इक' असेल तर त्याच्या लगेच आधीच्यावर: एक्झामिनेशनमध्ये 'ने', इकॉनॉमिकमध्ये 'नॉ'. ('पॉलिटिक्स' मात्र नियम मोडतो, तिथे जोर 'पॉ'वर.) 'मेंट', 'नेस', 'इंग' मूळ शब्दाच्या जोराला हात लावत नाहीत. 'डिव्हेलप'मध्ये जोर 'व्हे'वर, म्हणून 'डिव्हेलपमेंट'मध्येही तिथेच. आपण सवयीने 'डे'वर देतो, ते चूक.

जोर चुकला की स्वरही चुकतात, आणि समजायला जड जाते ते त्यामुळेच. मराठीत आपण अक्षरे जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत जोराचा सिलॅबल लांबतो, सहसा वरच्या पट्टीत जातो. बाकीचे स्वर आखडून पुष्कळदा पुसट 'अ' होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, म्हणून मधला 'टो' नुसता 'ट' उरतो. 'फोटोग्राफी'त जोर पुढे सरकतो आणि उच्चार होतो फ-टॉ-ग्र-फी. देवनागरीत दोन्हीकडे 'फोटो'च लिहिल्यामुळे आपला कान फसतो.

सरावासाठी शब्द मागून बांधत या: टी, लिटी, बिलिटी, सिबिलिटी, असे करत पूर्ण शब्दापर्यंत. 'बि' आला की टेबलावर टिचकी मारा. 'स्पॉन्'वर दुय्यम जोर असतो. तिथे बोट नुसते टेकवा.

प्रश्न : शब्दकोशात शब्द ठिपक्यांनी तोडलेला असतो. तेच सिलॅबल धरायचे का?

उत्तर : नाही. ओळ संपताना शब्द कुठे मोडता येईल, ते हे ठिपके सांगतात. ओळीच्या टोकाला एकटे अक्षर ठेवत नाहीत, म्हणून काही शब्दकोशांत 'अगेन' अखंड छापतात. उच्चारात त्याचे सिलॅबल दोन आहेत. त्याऐवजी शब्दापुढे दिलेली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी पाहा. तिच्यातली वरची छोटी उभी रेघ जोराच्या सिलॅबलच्या आधी येते. ती नंतर येते असे समजून अनेकजण मागच्या सिलॅबलवर जोर देतात. तशीच रेघ खाली असेल तर तो दुय्यम जोर.